तंबूचा आठवा पाय

मित्रांनो, देवणीच्या बाजारामागे भुजंगशेठचं मंडपाचं गोदाम आहे. तिथं भिंतीला टेकवून ठेवलेले लोखंडी पाइप तुम्हाला दिसले, तर ते भंगार समजू नका. तो मी आहे. तीस फूट रुंद आणि साठ फूट लांब असा एक तंबू. उभा असलो की माझ्याखाली दीडशे माणसं पंगतीला बसतात. आडवा असलो की माझ्या अंगावरून पाली फिरतात. आता माझं वय झालं आहे, आणि एक गोष्ट मला तुम्हाला सांगून टाकायची आहे.

माझा जन्म लातूरचा. ग्यानोबा मिस्त्रीनं मला घडवलं. तो वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. उंच, अबोल माणूस. त्यानं माझे पाइप कापले, सांधे जोडले, घासून लाल रंग दिला. मला दहा पाय आहेत, एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला पाच. प्रत्येक पायावर त्यानं छिन्नीनं आकडा कोरला, एकपासून दहापर्यंत. ज्याचा पाय त्याच्याच सांध्यात बसावा, घाईत अदलाबदल होऊ नये म्हणून. मला विकत घ्यायला आलेल्या भुजंगशेठनं ते आकडे पाहिले आणि म्हणाला, "मिस्त्री, तंबू तर मी घेतोच. तुम्ही पण या माझ्याकडं."

ग्यानोबा आला. देवणीत खोली घेऊन बायकोला, पार्वतीबाईला, घेऊन आला.

मला उभा करणं सोपं नाही, मित्रांनो. आधी माझं छप्पर जमिनीवरच जोडायचं. त्यावर ताडपत्री ओढून बांधायची. मग एका अंगाची कड दहा जणांनी मिळून उचलायची, पाच पाय बसवायचे, दोर ताणून मेखांना बांधायचे. त्यानंतर दुसरं अंग. पहिलं अंग वर आणि दुसरं खाली असं असतं, त्या थोड्या वेळात मी सुपासारखा तिरपा उभा असतो. तेव्हा वारा उघड्या बाजूनं आत शिरला, तर मला आवरणं माणसाच्या हातात राहत नाही.

हे ग्यानोबाला पक्कं ठाऊक होतं. मैदानावर आला की तो कामाला हात लावायच्या आधी मान वर करून विजेच्या तारा बघायचा. मग टाचेनं जमीन दाबून बघायचा. मग लांबवर नजर टाकून धूळ कुठल्या दिशेला चालली आहे ते बघायचा. सगळं झालं की बाहेर उभा राहून आवाज द्यायचा, "हात लावा. एक. दोन. उचला." त्याचा आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजावर दहा माणसांचे वीस हात एकाच वेळी वर यायचे, आणि मी कधी उठलो ते मलाही कळायचं नाही. सहा वर्षं मी असा उठलो. लोक म्हणायचे, भुजंगशेठच्या तंबूखाली निवांत बसावं.

मग देवणीच्या जनावरांच्या प्रदर्शनाचा दिवस आला. मार्च महिना होता. गाई-वळू सजून उभे होते. आमच्या वाट्याला जी जागा आली, तिथं चार बोटं मातीखाली खडक होता. घणाचे घाव घालूनही मेखा वीतभर आत जाईनात. ग्यानोबानं एक मेख हातानं हलवून बघितली. ती किडक्या दातासारखी हलली.

"मालक, वाळूची पोती आणा," तो म्हणाला. "प्रत्येक पायाला चार. मेखा धरून न्हाई राहिल्या."

"किती वेळ लागंल?"

"तासभर."

भुजंगशेठनं घड्याळ बघितलं. "अकराला पाव्हणे येऊन राहिले, मिस्त्री. आधी उभा करा. पोती मागून टाकू."

ग्यानोबानं ती हलती मेख पुन्हा एकदा पायानं दाबून बघितली. मग त्यानं मान हलवली. मित्रांनो, त्या मान हलवण्यावर मी फार विचार केला आहे. तो नाही म्हणू शकला असता. पण सहा वर्षं काहीच वाईट घडलं नव्हतं, आणि काही घडत नाही याचीही माणसाला सवय लागते.

पहिलं अंग उठलं. दुसऱ्या अंगाला आठव्या पायाच्या सांध्यावर दगडोबा आणि बजरंग हे आमचे दोन जुने गडी होते. "एक. दोन. उचला." मी कमरेइतका वर आलो, आणि वावटळ आली. ती उघड्या बाजूनं माझ्या पोटात शिरली. ताडपत्री फुगली, मेखा सुटल्या. दगडोबाच्या डोळ्यांत माती गेली आणि त्याचा हात डोळ्यांकडे गेला. फक्त एक हात, फक्त क्षणभर. माझी कड बजरंगवर खचली.

ग्यानोबा बाहेर उभा होता. तो धावत आला आणि आठव्या सांध्याखाली त्यानं खांदा दिला. तेवढ्यात बजरंग निसटला, दगडोबा निसटला, बाकीचेही बाहेर पडले. मग पहिल्या अंगाचे पायही आडवे झाले आणि मी सगळाच्या सगळा त्याच्यावर आलो.

उदगीरला दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

पोलिसांच्या चौकशीत सगळ्यांनी सांगितलं, वावटळ आली. ते खोटं नव्हतं. पोत्यांबद्दल कुणी बोललं नाही. हाताबद्दलही कुणी बोललं नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण लोखंडाला कोण विचारतो?

त्यानंतर पावणेदोन वर्षं मी गोदामात पडून होतो. माझ्या सांध्यांत गंज धरला, ताडपत्री उंदरांनी कुरतडली. मग लग्नसराईत दुसरे तंबू कमी पडले आणि मला बाहेर काढलं. माणसं तीच होती. दगडोबा, बजरंग, आदिनाथ आणि बाकीचे. छप्पर जोडून झालं, दहा जण कडेला उभे राहिले, आणि कुणीच बोलेना. "एक, दोन" म्हणायची कुणाची जीभ उचलेना. तो मिस्त्रीचा शब्द होता. शेवटी एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत त्यांनी मला उचललं. मी वाकडातिकडा उठलो.

तेव्हापासून तसंच चालू राहिलं. माझे पाइप पोकळ आहेत. वारा त्यांच्या तोंडावरून गेला की आतून एक आवाज येतो. पूर्वीही येत असेल, पण पूर्वी कुणी ऐकत नव्हतं. आता ऐकू आला की माणसं हातातलं काम थांबवायची. एकदा आदिनाथ हळूच म्हणाला, "मिस्त्री बोलून राहिला." त्याच्यावर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आठव्या पायाला काळा दोरा बांधलेला होता. त्या पायाजवळ कुणी उभं राहायला बघेना. त्याच्या मेखा सगळ्यात घाईनं ठोकल्या जायच्या, त्याचा दोर सगळ्यात ढिला राहायचा. भीतीमुळं जिथं जास्त काळजी घ्यायला हवी होती, तिथंच सगळ्यात कमी घेतली जात होती.

तो आवाज खरंच त्याचा होता का? मित्रांनो, मला ठाऊक नाही. पण उदगीरला एका लग्नात वारा अजिबात नव्हता, कनातीची झालरसुद्धा हलत नव्हती, आणि आठव्या पायातून तो आला.

एका सकाळी गोदामात पार्वतीबाई आली. भुजंगशेठ खुर्चीतून उठून उभा राहिला.

"मालक, मला काम द्या," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही? इथं?"

"लातूरला डाळमिलीत निवडायला जात होते. तिथं बसून एकच इचार येतो. काय झालं, हे मला कोणीच नीट सांगत न्हाई. म्हणून जिथं झालं तिथंच आले."

भुजंगशेठनं बाजूला होऊन तिला वाट दिली. ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता ही मला शिव्याशाप देईल. तिनं एकेका पायावरचा आकडा बोटानं चाचपला. आठव्या पायापाशी तिचं बोट थांबलं. तिथं तिनं आकड्यावरचा गंज पदरानं पुसला, आणि नवव्याकडे गेली.

ती आमच्यात काम करू लागली. दाभण घेऊन फाटकी ताडपत्री शिवायची, दोर तपासायची, सांध्यांतल्या गंजलेल्या पिना वेगळ्या काढायची. फारसं बोलायची नाही. पण मला उचलताना ती बाजूला उभी राहून बघायची, आणि माणसं मुकाट्यानं उचलतात हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं.

नवरात्रात आम्हाला माहूरला नेलं. रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी प्रसादाचा मंडप घालायचा होता. डोंगरावरची जागा, आणि परतीच्या पावसाचे दिवस. पार्वतीबाई मैदानावर उतरली आणि तिनं मान वर करून बघितलं. विजेची तार होती. तिनं जागा वीस पावलं सरकवायला लावली. मग चाळीस पोती मुरूम भरून घेतला. भुजंगशेठ घड्याळ बघत होता, पण त्यानं पोती भरू दिली. वारा दरीकडून येत होता. म्हणून मागचं अंग आधी उचलायचं आणि दरीकडचं शेवटी, म्हणजे तोवर वारा छपरावरून निघून जाईल, हेही तिनंच ठरवलं. नवरा घरी जेवताना या गोष्टी बोलायचा, तेवढंच तिचं शिक्षण.

मागचं अंग उठलं, तेही मुकाट्यानंच. पायांना पोती लागली, दोर ताणले गेले. दरीकडच्या कडेला माणसं उभी राहिली. आठव्या सांध्यावर कुणी जाईना. शेवटी दगडोबा गेला. त्यानं आधी बाहीनं डोळे पुसले, मग सांधा धरला.

"थांबा," पार्वतीबाई म्हणाली. "कोणी आवाज कामून देत न्हाई?"

दोघातिघांनी दगडोबाकडे बघितलं.

"दगडोबा भाऊ, तुम्ही सांगा."

दगडोबानं हात काढून घेतले. तो खाली बघत होता. "वहिनी, त्या दिशी माझा हात सुटला. डोळ्यात माती गेली. मी हात सोडला म्हणून मिस्त्री आत आला. तीन वरसं झाली, मी हे बायकोलाबी सांगितलं न्हाई."

पंगतीसाठी आलेली माणसं लांब उभी होती. पार्वतीबाई दगडोबाच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"त्यानं तुम्हाला उचलायचा शब्द दिला होता," ती म्हणाली. "खाली ठेवायचा शब्द दिला होता का?"

दगडोबानं मान हलवून नाही म्हटलं.

"मग ती त्याची चूक. आज मी देते. ज्याच्या डोळ्यात जाईल, ज्याचा हात भरंल, ज्याला भ्या वाटंल, त्यानं 'ठेवा' म्हणायचं. कोणीबी म्हणा. म्हणलं की सगळ्यांनी ठेवायचं अन् मागं सरायचं. कामून म्हणला ते इचारायचं न्हाई."

मग ती बाहेर जाऊन उभी राहिली, जिथं मिस्त्री उभा राहायचा तिथंच. "हात लावा. एक. दोन. उचला."

मी उठलो. गुडघाभर, मांडीभर. आणि दरीतून एक थंड झुळूक आली. माझ्या आठव्या पायात अजून जीव नव्हता, तो बाजूला गवतात पडला होता. तरीही त्यातून तो आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

"ठेवा," दगडोबा म्हणाला.

दहा जणांनी मला खाली ठेवलं आणि मागं सरले. भुजंगशेठ पुढं आला. "अरे, वारा कुठं हाय? मान्सं भुकेली उभी हायेत," तो म्हणत होता, आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत डोंगरावर वादळ आलं. दोन दोर तुटले. ताडपत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली. माझा तिसरा पाय वाकून कमानीसारखा झाला. पण माझ्याखाली कुणी नव्हतं. पोत्यांनी मला धरून ठेवलं.

वादळाबरोबर आलेला पाऊस थांबल्यावर लोकांनी ओल्या जमिनीवर उभ्यानंच प्रसाद खाल्ला. भुजंगशेठ एका पोत्यावर बसला होता. पार्वतीबाई त्याच्यासाठी पत्रावळ घेऊन गेली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्यानं पोती मागितली होती, वहिनी. मी न्हाई म्हणलो."

"आज कळलं," ती म्हणाली. पत्रावळ त्याच्या हातात देऊन ती माझे तुटलेले दोर गोळा करायला निघून गेली. तिनं त्याला माफ केलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः चौकशी झालेल्या ठाण्यात जाऊन राहिलेलं सांगितलं. त्यानंतर काय झालं ते कागदांचं काम होतं, ते माझ्यापर्यंत आलं नाही.

मित्रांनो, आता माझे दोन पाय नवे आहेत आणि ताडपत्री तिसरी आहे. मी अजून लग्नं बघतो, बारशी बघतो. तुम्ही कधी माझ्याखाली किंवा माझ्यासारख्या कुणाखाली जेवायला बसाल. तेव्हा वरच्या झालरी बघून झाल्या की एकदा खाली, पायांकडेही बघा. मेख हलत असेल, दोर ढिला असेल, तर मोठ्या माणसांना सांगा. ते घाईत असतील, म्हणतील नंतर बघू. तुम्ही पुन्हा सांगा. आम्ही लोखंडाचे असलो तरी आमची काळजी माणसांनीच घ्यायची असते, आणि ती घेतली नाही तर त्याची किंमत आम्ही देत नाही, माणसं देतात.

मला उभा करून झालं की पार्वतीबाई आजही लोकांना थोडा वेळ बाहेरच थांबवते. ती एकटी आत येते, सगळ्या पिना बघते, मग मधोमध जमिनीवर बसते. परवा निलंग्याला नवरीच्या बापानं कनातीतून डोकावून विचारलं, "बाई, काय करून राहिल्या?"

"काही न्हाई," ती म्हणाली. "ऐकून राहिले."

तेवढा वेळ, बाहेर कितीही वारा असो, मी हलत नाही.