पहिला ग्लास विहिरीचा

या, बसा. चपला बघायला आलात ना? बघा निवांत. फक्त त्या कोपऱ्यातली नवी लादी सोडून बसा. तिच्याखाली मी आहे.

दचकू नका. मी एक रवी. लाकडाची, हातभर लांब, डोक्याला सहा पाकळ्या. आज इथे चपला टांगल्यात, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे मुलुंडातलं आंबादुधाचं नाव घेण्यासारखं दुकान होतं आणि त्यातला प्रत्येक थेंब मी घुसळलेला होता. चार उन्हाळे गल्ल्याशेजारी उभी होते, त्यामुळे बोलण्याला जरा दुकानदारी वळण लागलंय. चालवून घ्या.

माझा जन्म एका मरणातून झाला. या जागी आधी आंब्याची वाडी होती आणि वाडीत विहीर. वाडी तोडली, विहिरीत डबर टाकून ती बुजवली, वर इमारत उठली. विहिरीच्या रहाटाचा बाभळीचा कणा उकिरड्यावर पडला होता, तो धाकू मेस्त्रीने उचलला. धाकू मालवणकडचा सुतार. फुकटचं लाकूड सोडेल तर तो सुतार कसला? त्याने मला तासलं, पाकळ्या कोरल्या आणि गाववाल्या दशरथ परबाने ८३ साली इथे दुकान घातलं तेव्हा त्याच्या हातात ठेवलं.

दशरथाची गिरणी संपात बसली ती उठलीच नाही. मग त्याने हा गाळा घेतला. गाळा स्वस्त मिळाला, कारण कोपऱ्यात जमिनीतून वीतभर वर आलेली एक लोखंडी नळी होती आणि ती कुणालाच नको होती. विहीर बुजवताना तिला श्वास घ्यायला अशी नळी ठेवतात. वाडीच्या म्हाताऱ्या माळ्याने हट्टाने ठेवून घेतली होती.

धाकू विहिरीला बाव म्हणायचा. तो तेव्हाच म्हणाला, "दशरथा, बावीक श्वास घेवक व्हयो. ही नळी कधी बुजव नको. आणि पयलो गिलास तिचो."

"तिका गिलास? ती काय गिऱ्हाईक आसा?" दशरथ हसला.

"तुझा भाडा घेणारी ती. इमारतवालो नाय."

दशरथ हसला खरा, पण नळीच्या तोंडाला हात लावून त्याने हात मागे घेतला. आतून गार वारा येत होता. एप्रिलच्या बारा वाजता, माठालाही घाम फुटत नाही अशा वेळी. हुशार माणूस! त्याने दुधाचं पातेलं त्या नळीच्या तोंडावर ठेवलं. दोन तासांत दूध बर्फासारखं.

आणि आंबादुधाचं सगळं मर्म तिथेच असतं. सांगून ठेवते, घरी उपयोगी पडेल. दूध तापवून पूर्ण गार करायचं. कोमट दुधाला आंबा भेटला की नासलंच समजा. पायरीचा रस हाताने काढायचा, त्यात आधी साखर आणि मिठाचा एक कण, मग दूध, तेही धार धरून, थोडं थोडं. दशरथाची बायको मालन मला दोन तळव्यांत धरून फिरवायची. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. वर फेस आला की वेलदोडा.

सकाळचा पहिला ग्लास ती नळीत ओतायची. दूध खाली पडल्याचा आवाज कधी आला नाही. एवढंच मला तेव्हा विचित्र वाटायचं.

समोरच्या चाळीतल्या शांताबाई पहिल्या आठवड्यात दारात उभ्या राहून ओरडल्या होत्या, "दुधात फळ? पोटात विष होतं विष! लोकांना मारायला बसलायस काय रे?" दशरथाने वाद घातला नाही. चमचाभर चाखायला दिलं. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःचा तांब्या घेऊन आल्या. गिऱ्हाइकाचं तोंड बंद करायचं तर त्यात काहीतरी गोड घालावं, हे मी तेव्हा शिकले.

असे तीन उन्हाळे बरे गेले. ८६ साली दशरथाने फ्रीज घेतला. जुना, पण पांढराशुभ्र. आणि तो मावेल असा कोपरा गाळ्यात एकच होता.

"नळीवर कसा ठेवणार?" मालन म्हणाली.

"कापायची आणि सिमेंट मारायचं. आता गार वाऱ्याचं काय काम?"

"आणि पहिला ग्लास?"

"मालन, तीन वर्षं दूध ओततेस. मुंग्यांशिवाय कोण आलं प्यायला?"

नळी जमिनीसरशी कापली, तोंडात बोळा कोंबला, वर सिमेंट. त्यावर फ्रीज उभा राहिला. मिक्सर मात्र त्याने घेतला नाही. लोक मालनचे हात बघायला थांबतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मी राहिले. मिक्सर घेतला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी विद्याधर कारखानीस आले. सरकारी कचेरीतले, मोजून वागणारे. रोज एक ग्लास, रुमालाने ओठ टिपायचे आणि निघायचे. त्या दिवशी एक प्यायले, दुसरा मागितला. मग तिसरा.

"दशरथशेठ, आज घातलंय काय यात? तहानच जात नाही."

"उन्हाळा हो साहेब! घ्या, अजून एक घ्या."

सगळ्यांचंच तसं झालं. दुपारपर्यंत पातेलं खरवडलं. दशरथ खूष. "बघितलंस? फ्रीजची कमाल!" मालनने मला धुताना पाकळ्यांवरून बोट फिरवलं. दुधात दिवस काढलेली मी, चुलीतल्या लाकडासारखी कोरडी होते.

मला कळत होतं. नळी बंद झाली होती, पण विहिरीचं एक हाड अजून वर होतं. मी. ती आता माझ्यातून पीत होती. दुधातलं जे तहान भागवतं ते ती ओढून घेई आणि ग्लासात उरे तो फक्त रंग, गोडी आणि फेस. मला ओरडता येत नव्हतं. मी फक्त फिरत होते, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

आठवड्याभरात गिऱ्हाइकं बोलायची बंद झाली. भर बाराच्या उन्हात रांगेत उभी राहायची, रिकामे ग्लास हातात धरून. आणि सगळ्यांची नजर एकाच जागी. फ्रीजच्या पायाशी.

मालन प्रत्येक घाणा चाखायची, त्यामुळे सगळ्यात जास्त तिच्या पोटात गेलं. तिच्या तळव्यांना भेगा पडल्या. घरचा माठ ती एकटी संपवायची. "अहो, आत कोरडं लागतंय हो," म्हणायची. डॉक्टरने रक्त तपासलं, लघवी तपासली. साखर नाही, ताप नाही. सलाईनच्या बाटल्या लावल्या, एकामागून एक. बाटली रिकामी व्हायची आणि ओठ तसेच पांढरे.

मग तिचा आवाज बदलला. "अहो" म्हणाली की क्षणभराने दुसरं "अहो" यायचं, खोलवरून, जरा ओलं.

एका दुपारी तिने पातेल्यात वाकून पाहिलं. पातेलं वीतभर खोल. पण तिचा चेहरा त्यात फार खाली दिसत होता, रुपयाएवढा, आणि त्याच्या मागे आभाळाचा गोल तुकडा. वर तर इमारतीचं छत होतं.

"किती खाली गेलंय पाणी," ती म्हणाली, आणि हात वरखाली करू लागली. दोर ओढतात तसे. दशरथाने तिचे हात धरले, तेव्हा त्याला ते थांबवता येईनात. मग तो धाकूकडे धावला.

"मी सांगी होतंय तुका," धाकू एवढंच म्हणाला आणि पहार घेऊन आला.

दोघांनी फ्रीज सरकवला. चौथ्या घावाला सिमेंट फुटलं. आणि हवा आत जाऊ लागली. बाहेर नाही, आत. बुडणारं माणूस वर आल्यावर ओढतं तसा एक श्वास, लांबच लांब, संपेचना. फळीवरचे ग्लास एकमेकांवर वाजले. भिंतीवरचं कॅलेंडर त्या बाजूला झुकलं.

दशरथाने पातेलं ओतलं. मग कॅन ओतला. दुसरा ओतला. पडल्याचा आवाज नाही. मालन जमिनीवर गाल टेकून पडली होती, ओठ फाटलेले, डोळे उघडे.

"दुधान तिचा भागाचा नाय," धाकू म्हणाला. "तिचा हाड तिका दी."

मी मालनच्या मुठीत होते.

"माझी आहे ती," मालन म्हणाली. क्षणभराने तेच शब्द नळीतून आले. "माझी आहे ती."

दशरथ रडत होता. तिची बोटं तो एकेक करून सोडवत होता. "मालन, सोड गो. नवी करून देईन. शंभर करून देईन. सोड." शेवटचं बोट करंगळीचं. ते सुटलं आणि मी खाली गेले.

पूर्ण नाही. दांडा आत गेला, डोकं अडकलं. सहा पाकळ्यांवर लटकून राहिले. माझ्या बाजूने वारा वर जायला लागला, गार, पहिल्यासारखा.

वरून मालनचा आवाज आला, एकदाच. "पाणी."

तांब्या उचलल्याचं ऐकलं. घोट ऐकले. आणि मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज, आत अर्धं पाणी हिंदकळल्याचा.

"बस्स," ती म्हणाली. "पुरे झालं."

खूप गिऱ्हाइकांचं समाधान पाहिलंय मी. पण त्या अर्ध्या तांब्याची सर कशालाच नाही.

दशरथाने माझ्यावर लोखंडी जाळी बसवली. आंबादूध बंद केलं आणि गाळा सोडला. जाताना नव्या मालकाच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. "शेठ, जाळी उघडी ठेवा. सकाळी थोडं पाणी टाका. दूध नको, पाणी चालेल." मालक भला माणूस. तीन वर्षं टाकलंही.

पण परवा त्याची मुलगी जाळीत टाच अडकून पडली. काल त्याने लादी बसवून घेतली. चांगली बसलीय, हातोडीच्या मुठीने ठोकून ठोकून.

रात्रीपासून खालचा वारा थांबलाय. माझ्या पाकळ्या पुन्हा कोरड्या पडायला लागल्यात. आज सकाळपासून मालकाने माठ तीनदा भरला. आणि तुम्ही, राग नका मानू, दुकानात आल्यापासून दोनदा पाणी मागितलंत.

बघा, तिसऱ्यांदा त्या पाणी देणाऱ्या पोऱ्याकडे बघताय.

चपला नंतर घ्या. आधी पहार आणा.