पिवळ्या खुणेचा डबा

बारामतीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत १९९६ साली सतरा डबे होते. तेलाचे, पंधरा किलोचे, पत्र्याचे. वरची बाजू कापलेली आणि धरायला तारेचं कडं लावलेलं. प्रत्येक डब्यावर रंगाची वेगळी खूण होती. मी खरं तर आकडे घालणार होते, एक ते सतरा. पण म्हस्कूआबा म्हणाले, "आकडं मला येत न्हाईत आन् पाखरीलाबी न्हाईत. खुना घाल."

पाखरी ही त्यांची घोडी. आबांचं घराणं लोणी भापकरच्या बाजूचं, मेंढरं राखणारं. कालव्याचं पाणी आलं, चरायच्या माळांवर ऊस उभा राहिला, मुलगा कारखान्यावर कामाला लागला आणि शेवटी मेंढरं विकली गेली. भटकंतीत ज्या घोडीच्या पाठीवर संसार लादायचा ती तेवढी दारात राहिली. सून म्हणायची, बिनकामाच्या जनावराला वैरण कुठून घालायची? इंदापूरच्या बाजारात ती विकायचं जवळजवळ ठरलं होतं.

त्याच उन्हाळ्यात नगरपालिकेनं गल्लीतल्या हॉटेलवाल्यांना, रसवंत्यांना आणि भाजीवाल्यांना ओढ्यात कचरा टाकायची बंदी केली. माझे मामा, महिपती, यांची तिथं खानावळ होती आणि गल्लीतले लोक त्यांचं ऐकायचे. मी नुकतीच वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. नोकरी नव्हती, आणि डोक्यात गांडूळखत होतं. मामांना म्हटलं, तुमचा इंदापूर रस्त्यावरचा दहा गुंठ्यांचा मुरमाड तुकडा पडूनच आहे, ओला कचरा तिथं द्या. सुका, म्हणजे पुठ्ठे, बाटल्या, पत्रा, भंगारवाला नेईल. गल्लीतला गाळ उपसायचं काम आबा करायचे, त्यामुळे त्यांना सगळे ओळखत होते. गल्ली अरुंद, टेंपो आत जात नव्हता. घोडी जात होती.

अशी फेरी सुरू झाली. मी इंदापूरहून सकाळच्या एसटीनं यायचे, तोवर आबांची अर्धी गल्ली उरकून झालेली असायची. पाखरीच्या दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या पिशव्या असत आणि ती डब्याडब्यापाशी आपोआप थांबायची. रसवंतीच्या डब्यापाशी तिला उसाच्या चिपाडाचा एक तुकडा मिळे. तो मिळेपर्यंत ती हलत नसे.

खुणांची पद्धत मेंढरांची होती. चारपाच घरांची मेंढरं एकत्र चरतात तेव्हा कोणतं कुणाचं हे कळावं म्हणून लोकरीवर रंगाचा ठिपका देतात. कुणाचा मानेवर, कुणाचा पुठ्ठ्यावर, कुणाचा तांबडा, कुणाचा निळा. आबांनी डब्यांना तसेच ठिपके दिले. मामांचा डबा निळा, कडेला. कौसल्याकाकूंचा पिवळा, बरोबर मधोमध. काकू विधवा, एकटीच्या हिमतीवर खानावळ चालवायच्या. "माझाच पिवळा का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आबा म्हणाले होते, "तुमच्या आमटीत हळद लई आस्ती."

डब्यात प्लास्टिक सापडलं तर आबा भांडत नसत. तो डबा तिथंच पालथा करून पुढं जायचे. मालकाला मग स्वतः वेचून भरावं लागायचं, सगळ्या गल्लीसमोर. पंधरा दिवसांत सतराही डबे साफ येऊ लागले. मी यासाठी एक छापील पत्रक तयार केलं होतं. ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

शेतावर मी तीन वाफे घातले. पुण्याहून कॉलेजच्या सरांच्या ओळखीनं गांडुळं आणली. रोज तापमान, ओल आणि लिटमस कागदाचा रंग वहीत लिहायचे. कुठल्या खुणेचा डबा कुठल्या वाफ्यात गेला तेही. आबांना त्या वहीचं फार कौतुक. "मेंढराची जन्मपत्री असती का? कचऱ्याची हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या वाफ्यातली गांडुळं मेली.

आधी ती कडेला गोळा झाली, मग वर आली आणि सुतळीच्या तुकड्यांसारखी पडून राहिली. मी वही काढली. दुसऱ्या वाफ्यात प्रामुख्यानं पिवळ्या खुणेचा डबा जात होता. लिटमस थोडा निळसर झाला होता. मला वाटलं, धुण्याचा सोडा. भांडी घासलेलं पाणी डब्यात ओतलं जातंय. मी तडक कौसल्याकाकूंच्या खानावळीत गेले. जेवणाची वेळ होती, बाकांवर माणसं बसलेली. मी तिथंच म्हणाले, "काकू, तुमच्या डब्यातल्या सोड्यानं माझी गांडुळं मेली."

काकूंनी वाढता वाढता पळी थांबवली. "सोडा? मी भांडी राखंनं घासते. सासूनं शिकवलं तशी."

"कागद खोटं बोलत नाही."

"मग कागदालाच जेवायला घाल," असं म्हणून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा दारात नव्हता. पाखरी तिथं थांबली, बराच वेळ उभी राहिली, आणि आबांना तिला ओढून न्यावं लागलं.

आठवड्याभरात पहिला वाफाही गेला, मग तिसरा. कौसल्याकाकूंचा डबा तर बंद होता. वास सुटला. माश्या झाल्या. शेजारच्या शेतकऱ्यानं मामांकडं तक्रार केली आणि मामांनी मला नि आबांना खानावळीत बोलावलं.

"दिपे, लोकं मला विचारत्यात," ते म्हणाले. "एक ट्रॅक्टरवाला हाय, सगळा कचरा एकदम उचलतो म्हनतोय. जुन्या खाणीत टाकंल."

"मामा, मग वेगळं केलेलं सगळं पुन्हा एकत्र होईल."

"झालं तर झालं. दसऱ्यापतुर थांबतो. दसऱ्याला सकाळी समदे माझ्याकडं जमत्यात, तवा सांगायचं. खत दाव, न्हायतर ट्रॅक्टर."

आबा उठले. बाहेर आल्यावर पाखरीच्या मानेवरची माती बोटांनी सोलत राहिले. मग म्हणाले, "इंदापूरच्या बाजारात आता टांगंवालं येत न्हाईत. कोन घेनार हिला, सांग बरं?" आणि उत्तर मिळायच्या आत चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाफे उकरायला गेलो. ओल टिकावी म्हणून मी वाफ्यांवर रिकामी पोती अंथरली होती. ती मला एका खतं-औषधांच्या दुकानातून फुकट मिळाली होती आणि तीही टाकाऊच म्हणून मला त्यांचा जास्तच अभिमान होता. कालव्यावर दोन वेळा धुऊन वाळवली होती. आबांनी एक पोतं उचलून खांद्यावर टाकलं, दोन पावलं गेले आणि थांबले. पोतं खाली घेऊन त्यांनी नाकाला लावलं.

"ही पोती कुठनं आनली?"

मी सांगितलं.

"गोचडीची पावडर हाय ही. गॅमॅक्सिन." ते खाली बसले. "एका साली मेंढरांना गोचिड झालं म्हनून मी हातानं चोळली. कोकरांनी आयांना चाटलं. अकरा गेली. ह्यो वास मी इसरन व्हय?"

मी पोतं नाकाशी धरलं. कुबट, किंचित गोडसर वास होता. मला तो ओल्या गोणपाटाचाच वाटत आला होता. ही पावडर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. वही उघडली तर तेही तिथंच होतं, माझ्याच अक्षरात: पोती सर्वात आधी दुसऱ्या वाफ्यावर घातली, मग पहिल्या, मग तिसऱ्या. गांडुळं त्याच क्रमानं मेली होती. आणि निळसर लिटमस? ती राख.

तिन्ही वाफे आम्ही पोत्यांसकट मुरमाच्या खोल खड्ड्यात पुरले. दसऱ्याला सात आठवडे उरले होते. पुन्हा गांडुळं आणून खत होण्याएवढा वेळ नव्हता आणि गल्लीतून आलेल्या नव्या कचऱ्याच्या ढिगात निम्मं चिपाड होतं. चिपाडात कर्ब फार, नत्र नावाला. नुसतं ठेवलं तर वर्षभर कुजत नाही. मी हे आबांना सांगत होते, जमिनीवर काडीनं आकडे काढून.

"म्हंजी त्याला लेंडी पायजे," आबा म्हणाले.

"हो. पण केवढी तरी लागेल."

"माझ्या मेव्हण्याची तीनशे मेंढरं सांगवीच्या शिवारात हायत. तीन दिस बसवू हितं." मेंढरं शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्या-मुतानं रान खतवून घ्यायचं आणि बदल्यात मेंढपाळांच्या घरांना शिधा द्यायचा, ही इकडची जुनी रीत. ती उसाच्या शेतांत मी पुष्कळदा पाहिली होती. कचऱ्याच्या ढिगाला लावायचं मला कधीच सुचलं नसतं.

"शिधा कोण देणार?"

"पाच घरं, तीन दिस. खानावळीवाल्यानं द्यावा. तुझ्या मामाला इचार." मग मातीत मधोमध बोटानं ठिपका देत, "न्हायतर तिला."

मामा देणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

मी जेवणाच्याच वेळेला गेले. कौसल्याकाकू भाकरी थापत होत्या. मी दारातूनच बोलायला लागले, "काकू, चूक माझी होती..."

"थांब." त्यांनी वर न बघता बाकांकडं मान केली. "तवा धा गिऱ्हाइकं व्हती. आत्ता साच हायत. चार येऊ दे."

मी बाकाच्या टोकाला बसले. काकूंनी माझ्यापुढं ताट ठेवलं. पाऊण तास गेला. एक ड्रायव्हर आला, मग दोन कंडक्टर, शेवटी पोस्टातले एक गृहस्थ. काकूंनी मोजलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं: पोती, पावडर, राख. पोस्टातल्या गृहस्थांनी आमटी वाढायची खूण केली. तरीही काकूंनी पळी उचलली नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "कागद खोटं बोलत न्हाय म्हनली व्हतीस."

"कागद खरंच बोलला. मी चुकीचं ऐकलं."

"बस खाली. ताक घे. आबांना म्हनावं शिधा आज धाडते, बाजरीचं पीठ नि मसूर. तेल मात्र महिपतरावांकडनं घ्या, त्यांच्या भज्यात लई आस्तंय."

तीन दिवसांनी मी पहाटेच्या गाडीनं गेले तेव्हा मेंढरं निघायच्या तयारीत होती. ढिगाचं सगळं चिपाड त्यांनी तुडवून बारीक केलं होतं. ते काम कोयत्यानं करायला मला पंधरवडा लागला असता. आम्ही सगळं एकत्र कालवून उंच रास रचली. चौथ्या दिवशी थर्मामीटर बासष्ट अंशांवर गेला. आबांनी कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "अंडं शिजंल हितं." दर आठवड्याला आम्ही रास उलटीपालटी केली. पाखरी रोज फेरीत पिवळ्या खुणेपाशी थांबत होती आणि आता तिथं डबा होता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी खत चाळलं. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारखा वास. कौसल्याकाकू स्वतः आल्या, ओंजळभर घेतलं, हुंगलं आणि टोपली पुढं केली. "घटाला न्हेते."

मला जरा धक्काच बसला. "काकू, उष्ट्या-खरकट्याचं आहे. देवीला..."

"कुनाचं उष्टं हाय ते मला ठावं हाय. मीच वाढलंय."

मी प्रयोग म्हणून दोन कुंड्यांत घटात पेरतात तीच नऊ धान्यं पेरली. एकीत साधी काळी माती, दुसरीत माती नि खत अर्धं अर्धं. आठव्या दिवशी साध्या मातीतले कोंब चार बोटं होते, खतातले सात. हे मी वहीत लिहिलं आणि मामांना दाखवायला घेऊन गेले.

वही उघडायची वेळच आली नाही. दसऱ्याच्या सकाळी मामांच्या खानावळीत सगळे जमले होते. ट्रॅक्टरवालाही एका कडेला चहा पीत बसला होता. कौसल्याकाकू ताट घेऊन आल्या. ताटात घटातली पिवळी-हिरवी रोपं होती, लांबसडक. दसऱ्याला ती टोपीत खोवायची रीत. काकूंनी एकेकाच्या टोपीत तुरा खोवला. मामांच्या, भाजीवाल्यांच्या, रसवंतीवाल्यांच्या. ट्रॅक्टरवाल्याला टोपी नव्हती, त्याच्या कानावर ठेवला.

"काय धान उगावलंय, कौसल्याबाई," मामा म्हणाले. "माती कुठली?"

"तुमच्याच इंदापूर रस्त्याच्या तुकड्यातली. तुमच्या भज्यांचं तेल, माझी राख, ह्यांचं चिपाड आन् आबाच्या पाव्हन्यांची लेंडी."

मामांचा हात टोपीकडं गेला आणि मधेच थांबला.

"काढा की," काकू म्हणाल्या. "देवीनं नऊ दिस ठिवून घेतलं. तुमच्या टोपीला जड झालं व्हय?"

आधी रसवंतीवाला हसला, मग सगळेच. मामांनी हात खाली घेतला. ट्रॅक्टरवाल्याकडं बघून म्हणाले, "तुमी चा घ्या, राव. मग जावा." आणि दाराशी उभ्या आबांना, "उद्या सुट्टी घेनार का फेरी हाय?"

"हाय की," आबा म्हणाले. त्यांच्या पागोट्यातला तुरा त्यांनी काढला आणि पाखरीच्या कानापाशी दोरीत अडकवला. तिनं मान झटकून तो खाली पाडला आणि खाऊन टाकला.

दोन वर्षं मी त्या फेरीबरोबर होते. मग नोकरी लागली नि पुण्याला आले. पाखरी बाजारात गेली नाही. गेल्या साली आबांच्याच दारात म्हातारपणानं गेली. आबांना आता गुडघे साथ देत नाहीत. गल्ली रुंद झाली आहे, फेरीला टेंपो आहे, पत्र्याच्या डब्यांच्या जागी प्लास्टिकच्या बादल्या आल्या आहेत, सगळ्या सारख्याच.

या दिवाळीत तिथून जाताना कौसल्याकाकूंच्या दारातल्या बादलीवर मला पिवळा ठिपका दिसला, बरोबर मधोमध. आबांनी केला का म्हणून विचारलं.

"मीच केला," काकू म्हणाल्या. "घोडी गेली म्हनून खूण सोडायची व्हय? बस, ताक घे."