रिकामी वाटी

माझ्या उजव्या फुप्फुसात बिऱ्हाडं राहतात. मी श्वास घेतला की त्यांची दारं उघडतात, सोडला की मिटतात. माणसं चांगली आहेत. इतक्या वर्षांत कधी तक्रार नव्हती.

वरच्या कोपऱ्यात एक नवा घुसला. त्याला कुणी ठेवून घेतलं नव्हतं. राखणदार काठी घेऊन हुसकायला गेला, तर नव्याने त्याच्या हातावर शिऱ्याची वाटी ठेवली. राखणदाराने शिरा खाल्ला, काठी भिंतीला टेकवली आणि त्याच्याच दाराशी पहारा द्यायला बसला.

मग वाट्या घरोघर गेल्या. आणि रिकामी वाटी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत! गवंड्याने वाटीतून चुना दिला. नळवाल्याने माझ्या रक्ताची एक तोटी थेट त्याच्या मोरीत काढून दिली. नव्याची खोली लांबत गेली, शेजाऱ्यांच्या आखडत गेल्या. मला खोकला लागला.

"वाट्या रिकाम्या परत करा!" मी छातीवर थापा मारत ओरडलो.

"असं कसं, काका?" आतून एका बाईचा आवाज आला. "बरं दिसतं का ते?"

डॉक्टर सबनीसांनी नळी लावून ऐकलं. "फारच घरोबा झालाय," ते म्हणाले. "औषध देतो. पण ही देवाणघेवाण थांबायला हवी."

औषध आत गेलं. त्यालाही शिरा मिळाला. मला संताप आला. राहायचं माझ्या जिवावर, आणि माझ्या जिवावर उठलेल्याचाच पाहुणचार करायचा! चांगुलपणाचा इतका तिटकारा मला आयुष्यात कधी आला नव्हता.

काल कंबर दुखायला लागली. माझी बायको शरयू तेल चोळता चोळता थांबली. तिने मणक्याला कान लावला.

"इथे कोण राहतं हो?"

"एक म्हातारं जोडपं. त्यांचं कुणाकडे येणंजाणं नाही."

"खोली झाडतायत. खाट सरकवली आत्ता."

"तो आला?"

"अजून नाही. नुसती वाटी आलीय."

"शरयू, त्यांना सांग. रिकामी परत द्या म्हणावं. तुझं ऐकतील."

तिने मणक्याशी तोंड नेऊन अगदी अजिजीने सांगितलं. मग पुन्हा कान लावला. तिचा गाल गार होता.

"काय करतायत?"

"वाटी घासली," ती म्हणाली. "पुसली."

पुढचं मलाही ऐकू आलं. माझ्या पाठीत कुणीतरी साखरेचा डबा उघडला.