सोमवारचा पाऊस

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. नाव भारदस्त असले तरी रूप साधेच आहे. वर तांब्याचे नरसाळे, आत बाटली आणि सोबत खुणा केलेली काचेची नळी. नळीतले शंभर सेंट म्हणजे एक इंच पाऊस. आज मी शाळेच्या कपाटात खडूच्या डब्यांमागे पडून आहे. मित्रांनो, मी जन्मात कधी खोटे मापले नाही. तरी माझ्यापायी एक कळप मेला.

माझे मालक अण्णा मूळचे वाईचे. पुण्याच्या सरकारी आकडेवारीच्या कचेरीत त्यांनी चौदा वर्षे काढली. तिथे प्रत्येक तक्त्याच्या शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असे. एखाद्या गावाचा वाईट आकडा आला की वरचे साहेब त्या रकान्यात 'संशयास्पद' असे लिहीत आणि आकडा बदलून टाकीत. एकदा असा बदललेला आकडा अण्णांच्या सहीने छापला गेला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. ऐन लढाईच्या दिवसांत कायमची नोकरी सोडली म्हणून घरच्यांनी कपाळावर हात मारला.

१९४३ साली त्यांनी सांगलीत एक खोली घेतली आणि 'अर्थविषयक सल्ला' अशी पाटी लावली. पहिले तीन महिने लोक पत्रिका दाखवायला येत. मग माधवनगरच्या एका गिरणीने कापूस किती पिकेल ते विचारले. अण्णांचा अंदाज बरोबर आला आणि त्यांचे नाव झाले. पुढच्या वर्षी एका धर्मादाय मंडळाने त्यांना बोलावले. पूर्वेकडच्या कोरड्या गावांना मंडळ कडबा पाठवणार होते. गावे बारा आणि गाड्या थोड्या. कोणाला पाठवायच्या ते अण्णांनी पावसावरून सांगायचे होते. त्यासाठी त्यांनी आम्हा बारा भावंडांना विकत घेतले.

मला एका गावाबाहेरच्या माळावर दगडी ओट्यात बसवले. अण्णा जमलेल्या माणसांना म्हणाले, "याला जपा. तुमच्या गावाचा चारा याच्यावर ठरणार आहे." शाळेचे जोतीराम मास्तर रोज सकाळी आठला येऊन पाणी मोजत, छापील कार्डावर आकडा लिहीत आणि दर आठवड्याला ते कार्ड सांगलीला धाडीत. त्या कार्डावर शेऱ्याचा रकाना नव्हता. अण्णांनी तो मुद्दाम गाळला होता. नळीत दिसेल तेवढेच लिहा, मनचे एक अक्षर नको, अशी त्यांची ताकीद होती. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

आषाढ कोरडा गेला. श्रावणातही आभाळ पांढरेफटक होते. पहिल्या सोमवारी उजाडता उजाडता रंगुबाई आली. ही दादासो मेंढपाळाची बायको, घरात साठ मेंढरे. तिने पदराखालून गडवा काढला, मला हात जोडले आणि गडव्यातले सगळे पाणी माझ्या नरसाळ्यात ओतले.

"पावसाच्या देवा, मेंढरं जगू दे," ती म्हणाली.

ते तिच्या वाट्याचे पिण्याचे पाणी होते. हे पाऊस म्हणून मोजले जाईल असे तिला सांगायला मला वाचा कुठली?

आठला मास्तर आले. नळीत नव्वद सेंट भरले. त्यांनी आभाळाकडे पाहिले, मग पायाखालची धूळ पाहिली. काहीतरी लिहायला म्हणून त्यांचा टाक कार्डाच्या कडेशी रेंगाळला, पण तिथे जागा नव्हती. वेगळे पत्र लिहावे असे त्यांच्या मनात आले. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण काय सांगायचे, असे म्हणून त्यांनी नुसते 'नव्वद' लिहिले.

असे चार सोमवार झाले. कार्डांवर साडेतीन इंचांहून अधिक पाऊस पडला आणि माळावर गवताची काडी उगवली नाही. सांगलीत अण्णांनी यादीतून या गावाचे नाव खोडले. दादासो कळप घेऊन कृष्णाकाठी उतरणार होता, तो कडब्याच्या आशेवर थांबला. भाद्रपदात गाड्या आल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या गावाला निघून गेल्या. नंतर माळावर गिधाडे उतरू लागली.

तेव्हा कुठे मास्तरांनी पत्र लिहिले. अण्णांनी सगळी कार्डे टेबलावर पसरली आणि तारखा ताडून पाहिल्या. सगळा पाऊस सोमवारी पडला होता.

पुढच्या सोमवारी पहाटेच ते माळावर येऊन उभे राहिले. रंगुबाई गडवा घेऊन आली. साठातली आठ मेंढरे उरली होती.

"आवं अण्णा, एक बी सोमवार चुकवला न्हाई," ती म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता, याला जपा. मग माजं कुटं चुकलं?"

अण्णा म्हणाले, "तुमचं नाही, बाई. माझं चुकलं."

तिच्याच पाण्यामुळे गाड्या पुढे गेल्या हे त्यांनी तिला कधीच सांगितले नाही. मंडळाला मात्र आपला सल्ला चुकला असे स्वच्छ लिहून दिले आणि आठ मेंढरांपुरता कडबा मागून आणला. मग नवी कार्डे छापून घेतली.

मित्रांनो, माझ्या नरसाळ्याला पोचा आला आहे, तो जमल्यास काढा. मला घासूनपुसून ठेवा. पण माझ्यातला आकडा वाचण्याआधी पायाखालची माती बघा आणि माझ्याजवळ कोण येऊन जाते ते विचारा. त्या नव्या कार्डांतले पहिले कार्ड अजून माझ्या बाटलीभोवती गुंडाळलेले आहे. त्यावर मास्तरांच्या अक्षरात लिहिले आहे : 'वार सोमवार. पाऊस शून्य. शेरा : नळीतले नव्वद सेंट हे रंगुबाईचे पिण्याचे पाणी.'