बाहेर थांबा, मॅडम

मी नर्स आहे आणि तापट आहे. तालुक्याच्या आमच्या सरकारी रुग्णालयात झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत हे सगळ्यांना माहीत आहे. तरी गेली बारा वर्षं मलाच किशोरवयीन मुलामुलींच्या समुपदेशनाला बसवलंय. खोली म्हणजे औषधांच्या कोठारातून पार्टिशन टाकून काढलेली जागा. टेबल, दोन खुर्च्या, एक तपासणीचा पलंग. दार मात्र खरं आहे आणि त्याला आतून कडी आहे. त्या कडीसाठी मी दोन वर्षं अर्ज केले आणि शेवटी सुताराला स्वतः घेऊन आले.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. सोमवारी अकराच्या सुमारास भोईर मॅडम आल्या. जवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. बरोबर एक मुलगी, बारावीतली, सतरा वर्षांची. तिला आपण हर्षाली म्हणू. ओढणी पोटावरून घट्ट गुंडाळलेली, मान खाली.

"मॅडम, हिची टेस्ट करून द्या, प्रेग्नन्सीची," भोईर मॅडम दारातूनच म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर पंधरा-वीस माणसं केसपेपर घेऊन बसली होती. सगळ्यांच्या माना वळल्या. "लेखी द्या, शिक्क्यासकट. एकच्या आत मला परत जायचंय."

माझं पित्त तिथेच खवळलं. पण त्यांच्याकडे पुरावा होता. काखेतलं रजिस्टर काढून त्यांनी माझ्यापुढे उघडलं. वसतिगृहात दर महिन्याला प्रत्येक मुलीला पॅडचा एक पुडा मिळतो. रांगेत उभं राहायचं, सही करायची, पुडा घ्यायचा. हर्षालीच्या नावापुढे जून, जुलै, ऑगस्टची सही होती. पुढचे तीन रकाने कोरे.

"तीन महिने पुडा नेलेला नाही. याचा अर्थ काय होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. उद्या काही झालं तर संस्था मलाच धरणार. टेस्ट नाय केली तर हिने सामान उचलायचं."

"बाहेर थांबा, मॅडम."

"इथं मीच तिची पालक आहे."

"असाल. पण बाहेर थांबा." मी दार लावलं आणि कडी घातली.

आता खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. बारा वर्षं या खोलीत काढून, बाहेर भिंतीवर 'मैत्री' असं या खोलीचं नाव रंगवून घेऊन, मीही ती ओढणी बघितली, ते कोरे रकाने बघितले आणि मनात महिने मोजले. मला आजही त्याची लाज वाटते.

"बस," मी म्हटलं.

ती उभीच राहिली.

मी नेहमीचं बोलणं सुरू केलं. इथे बोललेलं या दाराबाहेर जात नाही. तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर जबरदस्ती केली असेल, तर मला काही लोकांना सांगावं लागेल, पण तेही आधी तुला सांगून. टेस्टला नाही म्हणायचा तुला हक्क आहे. अशी टेस्ट करून आणायला लावायचा हक्क वसतिगृहाला आहे, असं मी तरी मानत नाही.

तिने मान हलवली. "टेस्ट नाय करायची."

"ठीक. नाही करायची. बस तरी."

"नको."

दारावर थाप पडली. "झालं का मॅडम?" हर्षाली भिंतीला टेकली. तिचा एक हात भिंतीवरून खाली घसरत होता आणि ती तो पुन्हा वर नेत होती. तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट बघितलं. ओठांचा रंग पार उडालेला. नखं कागदासारखी पांढरी. गळ्याजवळची शीर इतक्या जोरात उडत होती की ओढणीची कड हलत होती.

"हर्षाली, तू बसत का नाहीस?"

तिने खुर्चीकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "खुर्ची खराब व्हईल."

मी कपाटातली जुनी चादर काढली, चार घड्या घालून खुर्चीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. ती बसल्याचा आवाज आला तेव्हाच वळले.

मग तिने तुटक तुटक सांगितलं. पाळी बंद झालेली नव्हती, थांबतच नव्हती. या वेळचा एकोणिसावा दिवस होता. ऑगस्टमध्ये एका पुड्यात भागलं नाही म्हणून ती दुसरा मागायला गेली. तेव्हा रांगेत सगळ्यांसमोर भोईर मॅडम म्हणाल्या होत्या, "तुझं एकटीचंच काय एवढं गो? बाकीच्यांचं भागतंय ना?" मागच्या मुली हसल्या. त्यानंतर ती रांगेत गेलीच नाही. घरून आईचं जुनं लुगडं नेलं आणि फाडून फाडून तेच वापरलं. ज्या महिन्यांत तिचं सगळ्यात जास्त रक्त गेलं, नेमके तेच रकाने कोरे होते!

"अगं, मग सांगायचं ना त्यांना, पाळी चालू आहे म्हणून!"

"मंग त्या दाखव म्हणतात." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आमच्या रूममधल्या काजलला म्हणल्या होत्या. बाथरूममधी नेऊन बघितला."

रागाने माझी कानशिलं तापली. उठून दार उघडावं आणि त्या बाईला सगळ्या बाकांसमोर झापावं, असं वाटत होतं. दोन वाक्यांत मुलीवरचा डाग पुसला गेला असता.

हर्षालीने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. "मॅडम, त्यांना सांगू नका. कायच सांगू नका."

"अगं, पण हे कळलं तर तुझं नाव साफ होईल."

"नको. माझा हाय ना हा? सगळ्या हॉस्टेलला कळंल, परत हसतील. तुमीच बोलल्या, बाहेर जात नाय."

बोलले होते खरी. दाराची कडी मी तशीच राहू दिली.

पुढचा दीड तास धावपळीचा गेला. तिला औषधांच्या कोठारातून मागच्या दाराने वॉर्डात नेलं, बोटातून रक्त घेतलं. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक एक, हवं असतं बारा. डॉक्टर हितेश आमच्याकडे नवीन आहेत, मुलगा भला आहे, पण घाई फार. आकडा बघून ते उभेच राहिले. "दोन पिशव्या रक्त लागेल, आजच. रक्तस्राव थांबवायचं औषध लगेच. आणि सिस्टर, औषधाआधी प्रेग्नन्सीची टेस्ट मला करावीच लागेल. त्याशिवाय उपचार नीट ठरवता येणार नाही."

म्हणजे फिरून तिथेच आलो. मी हर्षालीजवळ बसले आणि तिला सगळं उलगडून सांगितलं. टेस्ट तीच आहे, पण कारण वेगळं आहे. निकाल तुला कळेल, डॉक्टरांना कळेल, मला कळेल, बस. डॉक्टर नको वाटतील असे प्रश्न विचारतील, ते सगळ्यांनाच विचारतात. करायची का?

तिने विचार केला. खरंच केला, घड्याळाची दोन-तीन मिनिटं. मग म्हणाली, "करा."

त्या टेस्टचं काय आलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. वाचून वाईट वाटलं असेल तर वाटू द्या. तुमची उत्सुकता आणि भोईर मॅडमची उत्सुकता यांत मला फार फरक दिसत नाही. बाकीचं जे सांगतेय ते तिला विचारून सांगतेय. नावं तेवढी बदललीत.

मुलगी सतरा वर्षांची, रक्त द्यायचं तर घरच्यांची सही हवी. "कुणाला बोलवू?" मी विचारलं. बाप म्हटल्यावर ती नको म्हणाली. आई म्हटल्यावर शेजारच्या अनंताकाकाचा नंबर दिला. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांची वाडी, तिथे एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच फोन लागतो. अनंता दोन वेळा 'हॅलो हॅलो' करून गेला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "तिची आय, रखमी, निघाली कधीच. त्या हॉस्टेलवाल्या बाईंचा फोन आलता सकाळीच."

"काय म्हणाल्या त्या?"

अनंताने आवाज उतरवला. "पोरीनी तोंड काळा केला म्हनल्या."

मी फोन ठेवला. टेस्ट व्हायच्या आधीच ही बाई वाडीभर ते पोचवून मोकळी झाली होती.

बाहेर आले तर भोईर मॅडम मोठ्या आवाजात डॉक्टर हितेशना विचारत होत्या. वॉर्डात मुलीला का ठेवलं? काही पाडायबिडायचं चाललंय का? डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, सांगून टाका ना! मुलीचंच भलं आहे यात. नाहीतर आई येईल आणि इथे तमाशा होईल. तिची हॉस्टेलची जागा जाईल. बारावीचं वर्ष आहे तिचं."

त्यांचं काय चुकलं होतं? मीही तेच म्हणाले असते, तिने 'माझा हाय ना हा' म्हटलं नसतं तर. "तिने नाही म्हटलंय, डॉक्टर," मी म्हटलं. "मुलगी आजारी आहे, उपचार चालू आहेत, बरी होऊन कॉलेजला जाईल. एवढंच लिहून द्या."

त्यांनी तेवढंच लिहून दिलं. भोईर मॅडमनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. "यात काहीच नाही."

"त्यात जे आहे तेवढंच तुमचं आहे."

"म्हणजे आहेच काहीतरी. नसतं तर लपवलं नसतं." त्या बाकावर जाऊन बसल्या. पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही, तशा त्या निकाल घेतल्याशिवाय हलणार नव्हत्या.

अडीचला रखमी आली. काटक बाई, पायांत चप्पल नाही, चेहरा राखेसारखा. मला बघितलंही नाही, थेट वॉर्डात घुसली आणि पलंगाजवळ जाऊन तिने हर्षालीच्या दंडाला धरलं. "कोनाचा हाय? सांग मना. सांग आधी!"

मी मध्ये पडले. त्याच हाताला सलाइनची सुई होती, ती निघाली असती. "ताई, हात सोडा. तिला बोलू द्या."

"तू कोन मधी पडनारी?"

"मी कुणी नाही. पण ती सांगेल, मी नाही सांगणार. हर्षाली, तू सांगतेस की मी बाहेर जाऊ?"

"तुमी थांबा," हर्षाली म्हणाली. मग आईकडे वळून तिने तिच्या घरच्या बोलीत भरभर सांगितलं. मला निम्मं कळलं. लुगडं हा शब्द कळला, एकोणीस हा कळला. रखमीचा हात दंडावरून हळूहळू सुटला. ती खाली बसली, पलंगाच्या लोखंडी पायाला डोकं टेकून. रडली नाही. तिने फक्त विचारलं, "एवढा रगत गेला, नि मना सांगला नाय?" आणि हर्षालीच्या तळव्यावर आपला गाल ठेवला.

सही झाली. चारच्या आधी पहिली पिशवी लागली. तोवर मी पलंगाजवळून हलले नाही, कारण अशा हिमोग्लोबिनवर मुलगी केव्हा कोसळेल याचा नेम नसतो.

आणि तेवढ्यात भोईर मॅडम पडदा सारून आत आल्या. लटकवलेली रक्ताची पिशवी बघून क्षणभर गोंधळल्या. मग रखमीकडे वळल्या, आवाज एकदम मऊ. "मावशी, आता तुम्हीच सांगा. तुम्हाला तर कळलंय. काय निघालं? मला वर कळवावं लागतं. काही नसेल तर नाही म्हणा, मी आत्ता तिला परत घेते."

मी रखमीकडे बघत राहिले. एक शब्द पुरे होता. 'पाळी' म्हटलं असतं तरी मुलीची जागा राहिली असती आणि वाडीत मान वर करून जाता आलं असतं. तिने तोंड उघडलं, लेकीकडे बघितलं आणि परत मिटलं.

"माझे पोरीचा हाय. तिला इचारा," ती म्हणाली.

भोईर मॅडम पलंगाशी वाकल्या. "सांग बाळा. घाबरू नको. काय झालंय तुला?"

हर्षालीच्या ओठांना अजून रंग नव्हता. डोळे मात्र त्यांच्यावर रोखलेले होते. सकाळपासून तिने त्यांच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"नाय सांगत, मॅडम," ती म्हणाली.

बारा वर्षांत मला इतका आनंद कधी झाला नव्हता. भोईर मॅडम सरळ उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. जागेचं काय ते संस्थेत ठरेल, असं काहीतरी पुटपुटल्या. ते ठरायचं होतंच, आणि त्यासाठी कुणाकुणाशी भांडावं लागणार याची यादी माझ्या डोक्यात तयार व्हायला लागली होती. रखमी उठली. तिने त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि त्यांच्या तोंडासमोर पडदा ओढून घेतला.