नेफ्यातून शर्यतीत

मी नाडी बोलतेय. हसू नका. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कुणाच्या तरी कमरेला असेल, आणि त्या माणसाची अब्रू तिच्याच हाती असेल.

माझा जन्म आत्याच्या शिलाई मशीनवर झाला. उरलेल्या निळ्या कापडाची बारीक पट्टी दुमडून तिने मला शिवलं आणि धाकट्या भावाच्या, म्हणजे बाबांच्या, पळायच्या विजारीच्या नेफ्यात ओवलं. दोन्ही टोकांना गाठी मारून बजावलं, "या गाठी सोडू नकोस. नाहीतर नाडी सरळ बाहेर येईल."

निमित्त होतं शर्यतीचं. थीम पार्कमध्ये एका रविवारी कुटुंबांची पळण्याची शर्यत होती. अट एकच, घरातल्या सगळ्यांनी हात धरून शेवटची रेघ ओलांडायची, तरच पदक. बाबांची लेक चिंगी. तिने परस्पर सगळ्यांची नावं देऊन टाकली. आत्याचंसुद्धा.

"मी कशाला? मी सामान सांभाळते की," आत्या म्हणाली.

तिचं म्हणणं कुणाला खटकलंही नाही. लहानपणी भावंडं पळायची आणि ही त्यांच्या चपला राखत बसायची. पुढे सहल असो की समारंभ, पिशव्यांपाशी आत्या ठरलेली. चिंगीने मात्र विचारलं, "पण तुला पळायला आवडतं का?"

आत्या बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरचे जुने बूट घालून सगळ्यांच्या आधी खाली हजर!

सराव इमारतीच्या पार्किंगमध्ये चालायचा. बाबांचा उत्साह दांडगा, दम मात्र बेताचा. अर्ध्या फेरीत ते बुटाचे बंद बांधायला वाकायचे आणि वाकलेलेच राहायचे. रोज आरशापुढे श्वास रोखून मला आवळत म्हणायचे, "बघ, पोट उतरलं!"

"अहो, श्वास सोडा आता," आई म्हणायची. खरं काय ते मला माहीत होतं, पण माझं कोण ऐकतंय?

शर्यतीच्या आदल्या दिवशी बाबांना वाटलं, गाठींमुळे बनियन पुढून फुगीर दिसतो. दोष पोटाचा आणि शिक्षा मला! दोन्ही गाठी कात्रीने उडवल्या. आत्याने कपाळावर हात मारला.

शर्यतीत मात्र सगळे बरे पळाले. आकाशपाळण्याला वळसा घातला, शेवटची रेघ दिसू लागली, आणि आत्याच्या जुन्या बुटाचा बंद तुटला. दोन पावलांत बूट पायातून निघाला. ती कडेला बसली.

"तुम्ही व्हा पुढे. मी येते सामान घेऊन."

बाबा थबकले. "ताई, आज सामान कुठे आहे?"

आत्याने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मला तर रडूच आलं.

बाबांनी एकदा बुटाकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे, आणि मला खस्सकन ओढलं. गाठी नव्हत्या, मी एका दमात बाहेर! गुडघ्यावर बसून त्यांनी मला बहिणीच्या बुटात ओवलं.

"अहो, विजार!" आई किंचाळली.

"ती मी धरतो. तू चिंगीला धर, चिंगी ताईला धरेल."

एक हात कमरेला, दुसरा ताईच्या हातात, असे बाबा रेघ ओलांडून गेले. भिंतीवरच्या फोटोत सगळ्यांच्या गळ्यात पदकं आहेत आणि बाबांची मूठ अजून कमरेला आहे.

तेव्हापासून मी आत्याच्या डाव्या बुटात राहते. उजव्यात पांढरा बंद आहे. शोभत नाही, पण ती बदलू देत नाही. रोज सकाळी आम्ही पळतो, पिशवीबिशवी काही न घेता.

बाबा अधूनमधून माझ्याकडे आशेने बघतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे, विजारीत इलॅस्टिक घाला. ताईने पुष्कळ चपला राखल्या, मी तुमचं पोट राखलं. आता आम्हा दोघींना पळू द्या.