गप्प पाण्याचा पट्टा

रविवारी सकाळी साडेसातला नोहाचा फोन यायचा म्हणजे यायचाच. त्या वेळी घरात उपासनेला जायची गडबड असे, म्हणून तो आईच्या फोनवर न करता थेट आजीच्या फोनवर करी. मार्थाबाईंचे गुडघे गेल्या वर्षापासून चर्चच्या पायऱ्यांना दाद देत नव्हते, तेव्हा त्या घरीच असत. चहा संपवून, चष्मा पदराने पुसून त्या ओसरीवरच्या खुर्चीत अशा सावरून बसत, जशा एके काळी तपासनीस साहेब येणार असले की वर्गात बसायच्या. कोल्हारच्या आसपास निम्म्या लोकांना पहिली-दुसरीत त्यांनीच हाताला धरून लिहायला आणि पुढे इंग्रजी वाचायला शिकवलेलं होतं. अजूनही लोक त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

नोहा त्यांचा एकुलता नातू. वडील नागापूरच्या एमआयडीसीत पाळीला, आई आराधना दवाखान्यात नर्स, त्यामुळे पोरगं वाढलं ते आजीच्याच हाताखाली. दोन वर्षांपूर्वी तो शिकायला ऑस्ट्रेलियात गेला. आठवडाभर कॉलेज, संध्याकाळी एका वृद्धाश्रमात नोकरी आणि रविवारी समुद्र. ब्रिस्बेनच्या खाली दोन तासांवर एक किनारा होता. तिथं थंडी फारशी नाही, झाडी आपल्या कोकणासारखी दाट आणि माणूस दिसला तर दिसला. तिथं तो लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकत होता. जुनी फळी त्याने एका मित्राकडून घेतली होती.

ही गोष्ट घरात फक्त मार्थाबाईंना ठाऊक होती. आराधनाला पाण्याचं फार भय. तिला कळलं तर ती दिवसभर फोन करत राहील, असं नोहा म्हणाला होता आणि मार्थाबाईंनी ते मान्य केलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं होतं. पंच्याहत्तरी उलटल्यावर माणसाला कुणी गुपित सांगत नाही. औषधं घेतली का, एवढंच विचारतात.

मार्च महिन्यातला तो रविवार. फोन आला तेव्हा मागल्या वस्तीवरच्या झुंबरबाई विरजण मागायला आल्या होत्या. विरजणाची वाटी हातात घेऊन त्या तिथंच पायरीवर टेकल्या. पडद्यावर आधी नोहाचं नाक दिसलं, मग दात, मग सगळं तोंड. त्याच्या पाठीमागे ऊन आणि पाणी. तिकडे दुपार झाली होती. आज आपण उभे राहणार, गेल्या रविवारी दोनदा गुडघ्यावर आलो होतो, आज आजीच्या साक्षीनं उभं राहायचं, असं तो सांगत होता. त्याने बुटात फोन उभा केला, वाळूत बूट रोवला आणि लांब होऊन हात हलवला. सगळा किनारा दिसू लागला. काखेत फळी घेतलेला नोहा आणि मागे पांढऱ्या लाटांची ओळ.

झुंबरबाईंनी मान पुढे काढून पाहिलं. "आमच्या मळ्यात ढेकळं फोडायला असलीच फळी हुती. मी तिच्यावर हुबी ऱ्हायाचे अन् बैलं वढायची. ह्याची बैलं कुठंयत?"

"लाटा म्हणजेच बैलं, मावशी," नोहा ओरडून म्हणाला. "फक्त वेसण नाही त्यांना."

"मंग पडशील रं बाबा."

सगळे हसले. मार्थाबाईही हसल्या, पण त्यांचं लक्ष त्या पांढऱ्या ओळीवर होतं. पाणी उसळत होतं, फुटत होतं, आणि नोहा सरळ त्या फेसाच्या दिशेने निघाला होता.

प्रवरेत पाणी वर्षभर असायचं त्या काळातली गोष्ट. मार्थाबाई अकरा वर्षांच्या, त्यांचा भाऊ शलमोन चौदाचा. पुलाच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी नदी पांढरीशुभ्र होऊन उड्या मारायची. शलमोनने पैज लावून तिथं सूर मारला. फेसाखाली खडक होता. काठावर मार्था त्याचा सदरा धरून उभी होती. सदरा कोरडा होता आणि त्याला साबणाचा वास येत होता, हे त्यांना आजही आठवे. तेव्हापासून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली, की पाण्याच्या तोंडाला फेस आला म्हणजे खाली खडक. पोहायचं तर डोहात पोहावं, पाणी गप्प असेल तिथं. वर्गातल्या पोरांना त्यांनी हेच सांगितलं, मुलाला सांगितलं, आणि नोहाच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्याला पोहायला शिकवलं तेही डोहात.

त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि नोहाला परत बोलावलं. तो पळत आला, वाकून फोनमध्ये डोकावला.

"फेसात कशाला जातोस? तो बघ, उजव्या हाताला पट्टा आहे. तिथं लाट फुटत नाही, पाणी गप्प आहे. तिथनं जा."

नोहाने मागे वळून पाहिलं. खरंच, लाटांच्या ओळीत मध्येच एक फट होती. गडद हिरवी, गुळगुळीत. तो म्हणाला, शिकणाऱ्यानं फेसातच राहायचं असं इथले लोक सांगतात. तिथं खाली वाळू असते, पाणी कमरेइतकं असतं.

"लोकांना काय ठाऊक. आपल्या घरानं फेसात एक माणूस घातलाय, नोहा."

शलमोनची गोष्ट त्याने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की वाद घालण्यात अर्थ नव्हता. "बरं बाई, तुझ्यासाठी," असं म्हणून तो हसला आणि फळी घेऊन उजवीकडे वळला. मार्थाबाईंना बरं वाटलं. त्या खुर्चीत मागे टेकल्यादेखील.

तो गप्प पाण्यात उतरला, फळीवर पालथा पडला आणि हातांनी पाणी मारू लागला. किती सहज पुढे चालला होता. डोहच आहे तो, मार्थाबाई झुंबरबाईंना म्हणाल्या. झुंबरबाईंनी होकार दिला. दोघी बघत राहिल्या. पोरगं लहान होत गेलं, हाताएवढं, मग बोटाएवढं. एवढ्या लांब तो आजवर कधी गेला नव्हता.

"परतंना का?" झुंबरबाई म्हणाल्या.

तो परतायला निघालाच होता. फळीचं तोंड किनाऱ्याकडे झालं होतं, हात भराभर फिरत होते, पण आकार काही मोठा होईना. मार्थाबाईंनी फोन डोळ्यांजवळ घेतला. पट्ट्याच्या कडेने फेसाचे तुटके पुंजके चालले होते, एखादं शेवाळाचं जाळं चाललं होतं. ते किनाऱ्याकडे येत नव्हते. ते समुद्रात चालले होते, ओळीने, घाईघाईने, जसे धरणातून आवर्तनाचं पाणी सुटल्यावर कालव्यात उसाचं पाचट जातं.

तो डोह नव्हता. ती नदी होती, समुद्राच्या आत उलटी वाहणारी. आणि त्यांनी हाताने दाखवून पोराला तिच्यात उतरवलं होतं.

इतक्यात लांबवर एक लाट उठली आणि नोहाच्या अंगावर फुटली. पांढरं झालं. मग पडद्याच्या डाव्या बाजूने, फेसाबरोबर, फळी एकटीच किनाऱ्याकडे येऊ लागली.

"फळी आली," झुंबरबाई हळूच म्हणाल्या. "पोरगं कुठंय?"

पोरगं होतं. काळा ठिपका, त्या हिरव्या पट्ट्यातच, सरळ किनाऱ्याकडे तोंड करून हात मारणारा. मार्थाबाई ओरडल्या, नोहा, आडवा जा, आडवा जा! प्रवरेला पाणी असताना पलीकडे जायचं तर धारेशी कुणी भांडत नसे. धारेला खांदा देऊन तिरकं जायचं, लांब का निघेना, काठ लागतो. हे त्यांना ठाऊक होतं, त्यालाही शिकवलं होतं. पण फोन बुटात होता आणि बूट वाळूत. तिकडून फक्त वाऱ्याची घरघर येत होती. प्रार्थना करावी म्हणून त्यांनी डोळे मिटले, पण डोळे मिटले तर ठिपका हरवेल या धास्तीने लगेच उघडले.

मग अचानक समुद्र नाहीसा झाला. पडद्यावर एक ओलं काळं नाक आलं, मग जीभ. कुत्रं. कुत्र्यामागे कुणीतरी असणार. तीस वर्षं पोरांना शिकवलेलं इंग्रजी मार्थाबाईंनी एका दमात बाहेर काढलं. कुणी आहे का, कृपा करा, माझा नातू पाण्यात आहे. त्या हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, वर्गात म्हणून घ्यायच्या तसं, एकेक शब्द सुटा करून. कुत्रं बाजूला झालं आणि पांढऱ्या केसांची, टोपी घातलेली एक बाई वाकून आत पाहू लागली. त्यांच्याच वयाची असावी.

मार्थाबाईंनी सांगितलं, तो हिरव्या पाण्यात आहे, फळी सुटली आहे, सरळ येतोय. त्याला आडवं जायला सांगा, फेसाकडे.

त्या बाईने समुद्राकडे पाहिलं. मग फोन हातात तसाच धरून ती धावू लागली. आता काहीच धड दिसेना. आभाळ, वाळू, सुरकुतलेली पावलं, पुन्हा आभाळ. बाईचा धापा टाकलेला आवाज आणि तिच्या हाका. मग पाण्याचा सपकारा, आणि पडदा काळा झाला.

आराधना एका हातात बायबल घेऊन, साडीची पिन चाचपत बाहेर आली, तेव्हा दोघी बायका एका काळ्या फोनकडे बघत बसल्या होत्या. चर्चची पहिली घंटा होऊन गेली होती. "ओरडत का होतात? नोहाचाच फोन ना?" तिने विचारलं. मार्थाबाईंनी फोन पुढे केला. शेवटी झुंबरबाईंनीच सांगितलं, की नोहा समुद्रात हाय, फळी सुटलीय.

आराधना किंचाळली नाही. नर्स होती ती. तिने सासूच्या हातातला फोन घेतला आणि नोहाचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. ती उभीच होती. हातातलं बायबल तिने खाली ठेवलं नाही, दुसऱ्या हाताने फोन लावत राहिली. झुंबरबाईंच्या वाटीतलं विरजण कडेने हिंदकळून त्यांच्या लुगड्यावर सांडलं. पुसायचं त्यांना सुचलं नाही. उपासना सुरू झाल्याची घंटा झाली. चर्चमधलं गाणं ओसरीपर्यंत ऐकू येऊ लागलं, संपलं, दुसरं सुरू झालं.

बावीस मिनिटांनी फोन आला. नोहाचाच. चेहरा पांढराफटक, ओठ निळे, अंगावर त्या बाईचा टॉवेल. त्याला बोलता येत नव्हतं, खोकला येत होता. आराधना नुसतं "दिसतोय, दिसतोय," एवढंच म्हणत होती, जणू ती त्यालाच तो जिवंत असल्याची खात्री देत होती.

खोकला थांबल्यावर त्याने सांगितलं. त्या बाईने फोन मागे वाळूवर फेकला आणि पाण्यात कमरेइतकं उतरून दोन्ही हातांनी बाजूला, बाजूला, अशी खूण केली. ती दिसली आणि आडवं जायचं त्याला आठवलं. फेसात आल्यावर लाटेने स्वतःच आणून टाकलं. "माझीच चूक आई," तो म्हणाला. "नवीन आहे ना मी. चुकीच्या जागेतनं उतरलो. आजी नसती तर... आजीनंच त्या बाईंना सांगितलं."

आराधनाने वळून सासूकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि त्या डोळ्यांत कृतज्ञता होती. झुंबरबाई खाली जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडून काही निघणार नव्हतं, हे मार्थाबाईंना माहीत होतं. पोरानेही झाकून घेतलं होतं. गप्प बसलं की संपलं.

"तो फेसाकडंच चालला होता," मार्थाबाई म्हणाल्या. "मी त्याला परत बोलावून तिकडं पाठवलं. तो नको म्हणत होता."

"आजी, राहू दे ना," फोनमधून नोहा म्हणाला.

आराधनाच्या चेहऱ्यावरचं ते जे होतं, ते हळूहळू गेलं. मग तिने विचारलं, आणि विचारलं ते दुसरंच.

"आई, तो पाण्यात जातो, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तीन महिने."

आराधनाने फोन स्वतःच्या कानाला लावला आणि मुलाशी बोलत आत गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लोटलं.

झुंबरबाई थोडा वेळ बसल्या. "तुमी खोटं बोलला असता तर कुनाचं काय बिघडलं आसतं, बाई?" त्या म्हणाल्या. झुंबरबाई उठल्या, अर्धी वाटी विरजण घेऊन मागल्या वाटेने गेल्या.

घरात त्यानंतर कुणी आवाज चढवला नाही. मार्थाबाईंचा मुलगा नागापूरहून आला, त्याला सगळं कळलं. तो आईच्या पायाशी बसून म्हणाला, होतं असं. आराधना वेळेवर गोळ्या देते, गुडघ्याला तेल चोळते, पूर्वीसारखीच. नोहाचा फोन रविवारी येतो तो आता आईच्या फोनवर, उपासनेनंतर, सगळे बसलेले असताना. तो खोलीतूनच बोलतो. मागे पांढरी भिंत असते, एक कॅलेंडर, खुंटीला टांगलेला वृद्धाश्रमाचा निळा गणवेश. अभ्यास, हवा, जेवण. समुद्राचं नाव कुणी काढत नाही. तो जातो की सोडलं त्याने, हे मार्थाबाईंना कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला उरला आहे असं त्यांना वाटत नाही.

आराधना फोन त्यांच्याकडे देते तो सगळ्यात शेवटी, दोन मिनिटं. तेवढ्यात त्या जेवलास का विचारतात, आणि तो काय जेवला ते सांगत असताना चष्मा नाकावर सारून त्याचे केस ओले आहेत का, ते बघत राहतात.